हरताळ

भद्रेश्वर काकतीची दृष्टी गेली
ती एकशे सातव्या पानावर.
तिथल्या लिपीत ब आणि र यांच्यात
एका बारीक रेघेचं अंतर.
आधी ती रेघ गेली.
मग ओळी उताराला लागल्या.
मग एका सकाळी त्यानं शाईत बोरू बुडवला
आणि चटईवरच लिहू लागला.

सोणपाहीनं चटई ओढली नाही.
बोरू तेवढा काढून घेतला.
म्हणाली, देउता, मी वाचते, तुम्ही ऐका.
तुला कुठं येतं वाचता?
त्यावर ती काही बोलली नाही,
वाचू लागली.

सांचीची साल तीच सोलायची, दवात टाकायची,
उडदाच्या खळीनं घोटून तुळतुळीत करायची.
हिरड्याची शाई तीच उकळायची.
आता अक्षरंही तिचीच झाली,
नाव मात्र शेवटी भद्रेश्वराचंच पडणार होतं:
पाठ मोडली, मान वाकली, पोथी सांभाळा,
तेलापासून, पाण्यापासून, मूर्खाच्या हातापासून.

निळ्या डोंगरावर बसून ईश्वर सांगतो,
देवी ऐकते.
लाल जास्वंद कोणत्या तिथीला,
दिवे किती, रेडा कसा,
तोंड कोणत्या दिशेला, कोणती मुद्रा, किती जप.
तो बोलला की चाळीस पानं.
ती बोलली की दोन ओळी.
त्याही प्रश्नाच्याच.

जुन्या पोथीत एका ठिकाणी
कसरीनं नेमकी तिचीच ओळ खाल्ली होती.
'देवी म्हणाली'
आणि पुढे भोक. भोकातून मागच्या पानावरचा
रेड्याचा खूर दिसत होता.

भोकाला काय करायचं, देउता?
ठिपके दे. जेवढी अक्षरं गेली तेवढे.
आपण भरायचं नसतं.

श्लोक होता. बत्तीस ठिपके.
आणि खाली ईश्वर प्रसन्न:
साधु, साधु, प्रिये!
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं!
पुढे अकरा पानं फुलांची यादी.

सोणपाही हसली.
फुलांबद्दल तर माळीणसुद्धा रोज विचारते.

त्या रात्री लुइतला पूर होता.
होड्या एकमेकींवर आपटत होत्या.
पणती पुढे ओढून
तिनं ठिपक्यांवर एकेक अक्षर ठेवलं,
बोटांवर मोजत, मिटल्या ओठांनी.
उजाडता उजाडता बत्तीस झाली.

आंधळ्याची बोटं.
इथं शाई जाड का लागते?
काय लिहिलंस?

चूक झाली, देउता.

घरात हरताळ चिमूटभर.
पानंच्या पानं पिवळी करायची
ती राजाच्या पोथ्यांची. काकतीच्या घरी
तो फक्त चुका झाकायला.
तिनं खलला, डिंकात कालवला,
आणि आपल्या ओळीवर फासला,
एकदा, मग पुन्हा एकदा.
वाळल्यावर त्यावर परत दिले
बत्तीस ठिपके.

पोथी डोंगरावर गेली, परत आली,
वाटणीत धाकट्याकडे, हुंड्यात दुसऱ्या गावी,
शेवटी नलबारीत एका माळ्यावर,
भाताच्या कणगीमागे.

हिरण्यप्रभा बायदेउनं गाठोडं सोडलं
तेव्हा दिवा मी धरला होता.
आतून भुसा सांडला.
जास्वंदी गेल्या होत्या, तिथ्या गेल्या होत्या,
ईश्वराचं साधु साधु, अकरा पानं, मुद्रा, जप,
भद्रेश्वराचं नाव,
सगळ्याची चाळण.
एका पानाच्या मध्यावर तेवढा
हळदीसारखा लांबट डाग
अखंड.
हरताळ विष असतो, बायदेउ म्हणाली.
कीड त्याच्या वाटेला जात नाही.

तिनं पान दिव्यासमोर उभं धरलं.
पिवळ्याआडून काळं वर आलं.
तिचे ओठ हलत होते,
बोटं मोजत होती.
मग बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी गाय बांधत होतं.

काय लिहिलंय? मी विचारलं.

तिनं पान लाल फडक्यात गुंडाळलं.
गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली.

बत्तीस आहेत, म्हणाली.
एका ठिकाणी मात्रा चुकलीय.